आधी कुठलं व्यसन सोडवायचं? ट्रामाडॉल, दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र असतात तेव्हा

कोल्हापुरातल्या एका बहिणीचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: धाकटा भाऊ, वय २९, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. कंबरदुखीसाठी सुरू झालेल्या ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलच्या गोळ्या आता दिवसाला पंधरा-सोळा. संध्याकाळी एक क्वार्टर, कधी दोन. रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम. मावा दिवसभर. मागच्या वर्षी एका केंद्रात तीन महिने ठेवलं होतं, बाहेर आल्यावर आठवड्यात परत सुरू. मध्यंतरी एकदा फिट आली. आता एक डॉक्टर म्हणतात, आधी दारू पूर्ण बंद करून दाखवा, मग गोळ्यांचं बघू. घरचे म्हणतात, सगळं एका झटक्यात बंद करा. आणि त्या विचारतात, "नेमकं आधी काय सोडवायचं? आणि जिभेखाली ठेवायची गोळी म्हणजे एक नशा काढून दुसरी लावणंच नाही का?"

ताई, मी कोल्हापुरात बरीच वर्षं व्यसनाच्या रुग्णांवर उपचार करतोय. नुसत्या एकाच नशेवर असलेला रुग्ण आता क्वचितच येतो, त्यामुळे तुमच्या भावाची गोष्ट मला अनोळखी नाही. पण त्याला न तपासता मी डोस सांगणार नाही. त्याचं लिव्हर कसं आहे, फिट कशामुळे आली, दारू खरी किती, यावर बरंच काही बदलतं. विचार कसा करायचा, एवढं मात्र नीट सांगू शकतो.

"आधी काय सोडवायचं" म्हटलं की व्यसनं रांगेत उभी आहेत आणि एकेक करून बाहेर काढायची आहेत असं वाटतं. मी तसं बघत नाही. मी आधी विचारतो की या माणसाचा जीव येत्या चार दिवसांत कशाने जाऊ शकतो. मग बघतो की कुठली गोष्ट अचानक थांबवली तर धोका आहे. आणि तिसरं म्हणजे, कुठलं औषध दिलं तर तो पुढच्या महिन्यात पुन्हा माझ्यासमोर येऊन बसेल. ह्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या भावाच्या बाबतीत ओपिऑइडचा, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या औषधाचा, इथे ट्रामाडॉलचा, उपचार हेच आहे. म्हणून "आधी दारू सोडून दाखव, मग तुझं बघतो" ही अट मला मान्य नाही. ज्याच्या अंगात रोज सकाळी टर्की, म्हणजे नशा उतरतानाचा त्रास, उभी राहते, त्याने स्वतःच्या जोरावर आधी दारू सोडावी आणि बक्षीस म्हणून औषध मिळवावं, ही अपेक्षा फार थोडे पुरी करू शकतात. बाकीचे उपचारातूनच निघून जातात, आणि जातात ते थेट मेडिकलच्या दुकानाकडे.

आता फिटबद्दल, कारण तुमच्या पत्रात ती एका ओळीत आलीय आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. इथे संशयित तीन आहेत. ट्रामाडॉल स्वतःच जास्त झालं तर फिट आणतं. दिवसाची कमाल मात्रा ४०० मिलिग्रॅम धरतात. बाजारात सहसा मिळणाऱ्या जोडगोळीत ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल असतं, म्हणजे सोळा गोळ्यांचे ६०० झाले. दुसरी दारू: ती अचानक थांबली तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत आकडी येऊ शकते. तिसरं अल्प्राझोलाम, जे रोज घेऊन एकदम बंद केलं तर एक-दोन दिवसांत हेच करतं. तेव्हा आठवून लिहून ठेवा: फिट आली त्या दिवशी त्याच्याकडे पैसे होते का? गोळ्यांची स्ट्रिप संपली होती, की उलट नेहमीपेक्षा जास्त घेतल्या होत्या? आदल्या रात्री प्यायला होता का? या उत्तरांवरून फिटचा उपचार बदलतो. डोक्याला मार लागला असेल किंवा फिट पुन्हा आली असेल तर स्कॅन आणि ईईजीही लागेल.

त्याच जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही असतं. सोळा गोळ्यांचं गणित ५,२०० मिलिग्रॅम, म्हणजे ५.२ ग्रॅम. धडधाकट माणसाला दिवसाची मर्यादा ४ ग्रॅम, आणि रोज दारू पिणाऱ्याला त्याहूनही कमी. नशेच्या हिशोबात घरचे पॅरासिटामॉल मोजतच नाहीत, ते तापाचं साधं औषध वाटतं. भावाच्या लिव्हरच्या तपासण्या या आठवड्यातच करून घ्या, उपचार कुठे घ्यायचा हे ठरायच्या आधी. डोळे पिवळे दिसले, उलट्या होऊ लागल्या किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर तपासणीचीही वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.

घरच्यांचा दुसरा सल्ला, सगळं एका झटक्यात. हेतू चांगला आहे, मी तो रोज ऐकतो. पण ओपिऑइड बंद केल्यावर माणूस तडफडतो आणि सहसा मरत नाही, तर दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर मरू शकतो. दारू थांबल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, नाडी पळते. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसेल तर तो जीवघेणा आहे. खोलीत कोंडून, लिंबूपाणी देऊन हे निभावता येत नाही. एकदा फिट येऊन गेलेल्या, दारू आणि अल्प्राझोलाम दोन्ही रोज घेणाऱ्या माणसाची सुरुवात घरी करायला मी तयार होणार नाही. त्याला भरती करावं लागेल, आणि तेही जिथे रात्री डॉक्टर आणि नर्स असतात अशा ठिकाणी. नुसती दारू, तीही बेताची, आणि पूर्वी कधी फिट नाही, असं असतं तर घरूनही करता आलं असतं.

वॉर्डात काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. दारूसाठी लोराझेपाम किंवा त्याच जातीचं औषध, लिव्हरवर शंका असेल तर लोराझेपामच, काही दिवस देऊन उतरवत न्यायचं. बी-वन म्हणजे थायमिन सुईतून, आणि ग्लुकोजची बाटली लावायची असेल तर थायमिन त्याच्या आधी. अल्प्राझोलाम तोडायचं नाही, त्याच्या बदल्यात लांब चालणारं औषध हिशोबाने बसवायचं. आणि ट्रामाडॉलसाठी ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोनची जिभेखालची गोळी. ही गोळी वेळेआधी दिली तर ती अंगातलं ट्रामाडॉल बाजूला ढकलून स्वतः जागा घेते आणि टर्की एकदम अंगावर आणते. म्हणून शेवटच्या ओपिऑइडनंतर निदान बारा तास गेलेले लागतात, आणि टर्कीची लक्षणं डोळ्यांना दिसावी लागतात.

दोन-तीन नशा एकत्र असल्या की अडचण इथेच येते. घाम, धडधड, थरथर, घबराट ही लक्षणं दारू उतरतानाही असतात आणि ओपिऑइड उतरतानाही. मी वेगळं करतो ते असं: सारख्या जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, हातावर काटा, पोटात मुरडा, मोठ्या झालेल्या बाहुल्या हे सगळं एकत्र दिसलं तर ते ओपिऑइडचं. जीभ बाहेर काढायला सांगितल्यावर ती थरथरत असेल, वार विचारला तर चुकत असेल, तर ते दारूचं. ट्रामाडॉलची टर्की कधीकधी यातही गोंधळ घालते, कारण ते औषध मेंदूतल्या सेरोटोनिनवरही काम करतं. मग अंगातून करंट गेल्यासारखं होणं, पॅनिक, क्वचित भास असलंही येतं. ह्याच कारणाने ट्रामाडॉल चालू असताना नैराश्याची गोळी सुरू करायची असेल तर दोन्ही औषधं डॉक्टरांच्या नजरेसमोर असली पाहिजेत.

फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायच्या कामाला असलेला एक तरुण माझ्याकडे आला होता, तुमच्या भावाच्याच वयाचा. दिवसभर ग्राइंडर धरून हात आणि पाठ बधिर, त्यावर गोळ्या, आणि गोळ्यांनी झोप उडाली म्हणून दारू. सकाळी अकराच्या सुमारास बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, शर्टाच्या बाहीने नाक पुसत. "डॉक्टर, हाडं कोणतरी पिळतंय बघा." हातावर काटा उभा होता. २ मिलिग्रॅमची गोळी जिभेखाली ठेवली, गिळायची नाही, बोलायचं नाही, विरघळेपर्यंत पाणीही नाही. थोड्या वेळाने पाय सुटे झाले. तासाभरात त्याने चहा मागितला. दुसरा डोस संध्याकाळी, श्वास आणि ऑक्सिजन बघून, कारण लोराझेपाम आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही श्वास मंद करतात आणि नर्सने दर काही तासांनी श्वास मोजणं गरजेचं असतं. पुढच्या आठवड्यांत त्याची दारू बरीचशी आपोआप उतरली. सकाळची टर्कीच नव्हती, तेव्हा ती दाबायला काही लागत नव्हतं. उरली ती शनिवारची, पगाराच्या दिवसाची. तिच्यावर वेगळं काम करावं लागलं.

"एक नशा काढून दुसरी" हा प्रश्न विचारलात ते बरं केलंत, कारण ह्याच एका वाक्यामुळे घरचे औषध बंद करतात. ब्युप्रेनॉर्फिन हेसुद्धा ओपिऑइडच आहे, ते मी लपवत नाही. पण ते मेंदूतल्या त्याच जागेवर अर्धवट काम करतं. एका मर्यादेनंतर डोस वाढवला तरी श्वास दाबण्याचा परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. बरोबर डोसवर असलेला माणूस झिंगत नाही, कामावर जातो, पगार घरी आणतो. औषध अचानक थांबवलं तर त्रास होईल, हे खरं. पण औषधाची सवय आणि व्यसन यांत फरक आहे: व्यसनी माणूस दिवसभर पुढच्या डोसच्या मागे असतो, चोरी करतो, खोटं बोलतो. ओपिऑइडच्या व्यसनात अशा दीर्घ औषधोपचारावर टिकलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेरच्यांच्या निम्म्याच्या आसपास येतं. व्यसनावरच्या औषधांत इतका मोठा फरक दुसऱ्या फार थोड्या औषधांनी दाखवलाय. ही गोळी सरसकट दुकानात मिळत नाही, व्यसनमुक्तीचा उपचार देणाऱ्या केंद्रातून मिळते, आणि सुरुवातीला ती समोर बसून घ्यायची असते. किती दिवस? निदान वर्षभर धरून चाला, पुष्कळांना जास्त. आठ-दहा दिवसांचा कोर्स करून कुणी बंद करत असेल, तर परत घसरण्याची शक्यता फार मोठी.

अल्प्राझोलामचं काय? त्याला घाई नाही. सुरुवातीचे दिवस निघून गेले, झोप थोडी बसली, की दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के कमी करत न्यायचं. काही महिने लागतात. काही डॉक्टर म्हणतात की झोपेची गोळी चालू असताना ब्युप्रेनॉर्फिन देणार नाही, आणि भीतीला कारण आहे. ओपिऑइड आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये कडक इशारा दिला होता. पण त्याच यंत्रणेने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं की, ओपिऑइडच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (त्याच कामाचं दुसरं औषध) देणं केवळ या कारणाने नाकारू नये, कारण उपचार न मिळण्याचा धोका बहुधा जास्त आहे. मीही तसंच वागतो. गोळ्या आठवड्याच्या देतो, त्या कुलपात ठेवून किल्ली घरच्या एका माणसाकडे ठेवायला सांगतो, आणि भेटी जवळजवळ ठेवतो. मात्र माणूस पिऊन आला असेल तर त्या वेळचा डोस थांबवायचा, उतरल्यावर बघायचा.

दारूवरच्या औषधांत दोन सापळे आहेत. नालट्रेक्सोन हे दारूवरही चालतं आणि ओपिऑइडवरही, म्हणून एकाच गोळीत दोन्ही कामं होतील असं वाटतं. पण ते ओपिऑइडला पूर्ण अडवतं. अंगात ट्रामाडॉल असताना दिलं तर भयंकर टर्की येते, आधी आठवडा-दहा दिवस ओपिऑइडशिवाय गेलेले असावे लागतात, आणि ब्युप्रेनॉर्फिनबरोबर ते देताच येत नाही. तुमच्या भावासाठी दारूची तलफ कमी करायला अ‍ॅकॅम्प्रोसेट जास्त सोयीचं, किडनी ठीक असेल तर. दुसरा सापळा: "न सांगता दारू सोडवा" म्हणून मिळणाऱ्या पुड्या. त्यात डायसल्फिराम असेल आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो. भाजीत, चहात, कशातही गुपचूप काही घालू नका. आईने प्रेमापोटी केलं तरीही नाही.

माव्याचं थोडक्यात सांगतो. तंबाखू सोडल्याने बाकीची व्यसनमुक्ती बिघडते ही समजूत चुकीची आहे, त्याची तयारी असेल तर निकोटिन गमवर त्याच वेळी सुरुवात करा, नसेल तर त्यावरून भांडू नका. गांजा ओढत असेल तर सांगू द्या, त्यावरून ब्युप्रेनॉर्फिन नाकारत नाहीत. जिमला जाणाऱ्या पोरांना मी मेफेनटरमाइनच्या इंजेक्शनबद्दल मुद्दाम विचारतो. ते भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब वर आणण्याचं औषध आहे, आणि ताकद येते म्हणून टोचून घेतलं जातं. त्याला बदली गोळी नाही. स्वच्छ राहिल्याबद्दल छोटी, ठरलेली, लगेच मिळणारी बक्षिसं हा अशा उत्तेजकांवरचा सर्वांत उपयोगी ठरलेला मार्ग आहे, आणि सुया एकमेकांच्या वापरल्या असतील तर एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सी तपासायचंच.

मध्येच एकदा प्याला, एकदा गोळ्या घेतल्या, तर? उपचार थांबवायचा नाही. लघवीत काही सापडलं म्हणून रुग्णाला काढून टाकणं मला अजिबात पटत नाही. ज्या लक्षणासाठी तो आला तेच दिसलं म्हणून त्याला दार बंद करणं झालं ते. डोस कमी पडतोय का, कंबर अजून दुखतेय का, पगार कोणाच्या हातात येतो, हे बघायचं. आणि एक लक्षात ठेवा: लघवी तपासायच्या साध्या ओपिएट पट्टीत ट्रामाडॉल दिसत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. त्यामुळे "निगेटिव्ह आलंय" एवढ्यावर निर्धास्त राहू नका, आणि त्याच्यावर खोटेपणाचा आरोपही करू नका.

आता त्या तीन महिन्यांच्या केंद्राबद्दल. तिथून बाहेर येऊन आठवड्यात सुरू झालं यात त्याची नियत खराब होती असं धरू नका. ओपिऑइडवर कुठलंही औषध न देता नुसतं बंद ठेवलं, की शरीराची सहनशक्ती उतरते आणि तलफ तशीच राहते. बाहेर आल्यावर माणूस जुन्याच हिशोबाने घेतो. दारू आणि झोपेची गोळी सोबत असेल तर श्वास थांबतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा: तो विचित्र घरघरत घोरतोय, हलवूनही उठत नाही, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर "झोपू दे" म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या. दवाखान्यात नालोक्सोन देतात, पण ते फक्त ओपिऑइडवर चालतं, दारू-अल्प्राझोलामवर नाही, आणि त्याचा असर तास-दीड तासात उतरू शकतो. म्हणून शुद्धीवर आला तरी लगेच घरी आणायचं नाही.

पोलिसांची भीती बऱ्याच घरांत असते, ट्रामाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्यापासून जास्तच. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, त्याच कायद्याचं कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देतं. आणि कुठल्याही केंद्रात साखळी, मारहाण किंवा कोंडून ठेवणं दिसलं तर तिथून बाहेर काढा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ व्यसनाच्या रुग्णांनाही लागू आहे, आणि साखळी बांधायला त्यात साफ मनाई आहे.

सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात किंवा तुमच्या माहितीच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना रिकाम्या स्ट्रिपा, बाटल्यांवरची लेबलं आणि जुने कागद एका पिशवीत घालून न्या. रुग्ण नाव विसरतो, मात्रा कमी सांगतो, स्ट्रिप खरं सांगते. प्रत्येक वस्तूसमोर शेवटचं कधी घेतलं ती वेळ लिहा. जाण्याआधी घरी काहीही अचानक बंद करू नका. कंबरेचा एक्स-रे, एमआरआय काढला असेल तर तोही न्या, कारण दुखणं तसंच राहिलं तर गोळी परत येईल. फिजिओथेरपी आणि ओपिऑइड नसलेली वेदनाशामकं, लिव्हर बघून, या उपचाराचाच भाग आहेत. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६, आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

तो यायला नाही म्हणाला, तर पहिल्या वेळी तुम्ही एकट्या जा. घरच्यांनी काय बोलायचं, काय बोलायचं नाही, पैसे कसे हाताळायचे आणि तो कधी थोडा तयार असतो ती वेळ कशी पकडायची, हे शिकवता येतं. माझ्याकडे किती तरी जण आपल्या बहिणीच्या किंवा बायकोच्या मागोमाग, तिने काय सांगितलंय ते बघायला म्हणून आलेत.